बिशोफरोडेची पोटॅश खाण : १९९३ मधील एका खाणबंदीचा प्रकरण अभ्यास

३१ डिसेंबर १९९३ रोजी जर्मनीच्या थुरिंगिया राज्यातील बिशोफरोडे या गावची पोटॅशची खाण कायमची बंद झाली. त्या वर्षी खाणीत सुमारे सातशे कामगार उरले होते. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीनंतर जे हजारो कारखाने विकले, विभागले किंवा बंद केले गेले, त्यांत आकाराने ही खाण फार मोठी नव्हती. तरीही त्या संपूर्ण स्थित्यंतराचा अभ्यास करताना हे एक प्रकरण वेगळे काढून पाहण्याजोगे आहे, कारण येथे एकापेक्षा अधिक पर्याय खरोखरच टेबलावर होते, त्यांतला एक निवडला गेला, आणि तो का निवडला गेला हे ज्यांचे आयुष्य त्यावर अवलंबून होते त्यांना त्या वेळी सांगितले गेले नाही. बहुतेक ठिकाणी कारखाना आधीच मोडकळीला आलेला असे, गिऱ्हाईक नाहीसे झालेले असे, आणि मग निर्णयाला फारसा वावच उरत नसे. बिशोफरोडेत वाव होता.

पुढील मांडणीत सार्वजनिक पदांवरील व्यक्ती आणि संस्था यांचीच नावे घेतली आहेत. कामगार, त्यांचे प्रतिनिधी आणि खाण विकत घेऊ इच्छिणारा उद्योजक यांचा उल्लेख नावाविना केला आहे.

पार्श्वभूमी

बिशोफरोडे हे गाव आइक्सफेल्ड नावाच्या डोंगराळ प्रदेशात आहे. धर्मसुधारणेनंतर बहुतांश प्रॉटेस्टंट झालेल्या मध्य जर्मनीत आइक्सफेल्ड कॅथलिक राहिले, आणि साम्यवादी राजवटीच्या चाळीस वर्षांतही तेथील लोकांनी चर्चशी असलेले नाते सोडले नाही. पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा याच प्रदेशातून जात होती, त्यामुळे एकाच बोलीचे, एकाच धर्मपंथाचे नातलग कुंपणाच्या दोन बाजूंना राहत होते. खाणीला राजवटीने टोमास म्युंट्सर यांचे नाव दिले होते. १५२५ च्या शेतकरी युद्धातील हा नेता सरकारी इतिहासात क्रांतिवीर म्हणून गौरवला जात असला, तरी त्याच्या सैन्याने आइक्सफेल्डमधील मठ लुटले होते. स्थानिक कॅथलिक मनाला ते नाव परके होते. खाण मात्र परकी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे काम सुरू झाले होते आणि अनेक घरांत आजोबा, वडील आणि मुलगा यांनी एकाच कूपकातून खाली उतरून काम केले होते.

पोटॅश म्हणजे पिकाला लागणाऱ्या तीन मुख्य अन्नद्रव्यांपैकी एक. आपल्याकडचे ऊस आणि द्राक्ष बागायतदार जे म्युरेट ऑफ पोटॅश वापरतात, ते भारताला जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते; जगात ते मोजक्याच देशांत निघते. पूर्व जर्मनी हा त्यांपैकी एक होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो देश पोटॅशियम ऑक्साइडच्या मापाने वर्षाला सुमारे ३५ लाख टन उत्पादन काढत होता आणि सोव्हिएत संघ व कॅनडा यांच्या पाठोपाठ जगात तिसरा होता. सोंडर्सहाउझेन येथे मुख्यालय असलेल्या सरकारी पोटॅश समूहात जवळपास ३२,००० माणसे काम करत होती. ज्या देशाकडे परकीय चलन मिळवून देणाऱ्या वस्तू थोड्याच होत्या, त्याच्यासाठी पोटॅश हे हक्काचे चलन होते. बिशोफरोडेचा माल त्यातही विशेष मानला जाई. पोटॅशियम सल्फेट बनवणाऱ्या पश्चिम युरोपीय कारखान्यांना तो सोयीचा होता आणि तेथे त्याला ठरलेले गिऱ्हाईक होते.

या चित्रात एक मोठी उणीव होती, आणि ती चलनाच्या हिशेबात दडलेली होती. पश्चिमेकडे माल विकून एक पश्चिम जर्मन मार्क मिळवण्यासाठी किती पूर्व मार्क खर्च झाले तरी चालतील, याचा एक अंतर्गत दर सरकारने ठरवलेला असे. अखेरच्या काळात तो ४.४ पर्यंत गेला होता. देशाच्या आत हा हिशेब झाकून राहत होता. १ जुलै १९९० रोजी दोन्ही जर्मनींचा चलनसंघ अमलात आला, वेतन एकास एक दराने पश्चिम मार्कात देणे भाग पडले, आणि एका रात्रीत पूर्वेतल्या प्रत्येक निर्यातक्षम कारखान्याचा उत्पादनखर्च कित्येक पटींनी वाढला. विक्रीची किंमत आधीपासूनच पश्चिम मार्कात होती, ती जागच्या जागी राहिली. कामगाराची कार्यक्षमता किंवा यंत्रांचे वय याविषयी पुढे जे बोलले गेले त्यात तथ्य होते, पण पहिला घाव चलनदराचा होता हे विसरता कामा नये.

हा दर लोकांनीच मागितला होता, हेही तितकेच खरे. १८ मार्च १९९० रोजी झालेल्या पहिल्या आणि शेवटच्या मुक्त संसदीय निवडणुकीत झटपट एकीकरण आणि पश्चिम मार्क यांचे आश्वासन देणाऱ्या आघाडीला ४८ टक्के मते मिळाली, आणि आइक्सफेल्डमध्ये तर ख्रिस्ती लोकशाही पक्षाला भक्कम बहुमत मिळाले. तीन वर्षांनंतर ज्या सरकारविरुद्ध कामगार उभे राहिले ते त्यांनी स्वतः निवडून दिलेल्या पक्षाचे सरकार होते, बॉनमध्ये म्हणजे संघीय पातळीवरही आणि थुरिंगियातही.

सरकारी मालकीच्या उद्योगांची मालकी ट्रॉयहांड या विश्वस्त संस्थेकडे गेली. मार्च १९९० मध्ये, म्हणजे जुन्या राज्याच्या अखेरच्या महिन्यांत ती स्थापन झाली आणि जूनमधील कायद्याने तिला खाजगीकरणाचे काम सोपवले गेले. सुमारे ८,५०० उपक्रम आणि त्यांतील चाळीस लाख कामगार एका संस्थेच्या हाती आले. तिचे अध्यक्ष डेटलेफ कार्स्टेन रोहवेडर यांची १ एप्रिल १९९१ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर बिर्गिट ब्रॉयल यांनी सूत्रे घेतली. १९९४ अखेर संस्थेने आपले काम संपवायचे असे ठरले होते. ही मुदत पुढील सगळ्या घडामोडींत कुठेतरी मागे उभी आहे.

समस्या

१९९० नंतर जगात पोटॅश फार झाले. पूर्व युरोप आणि विघटित सोव्हिएत संघातील शेती खत विकत घेईनाशी झाली, आणि तेथील खाणी आपला माल परकीय चलनासाठी पश्चिमेच्या बाजारात ओतू लागल्या. भाव पडले. जर्मनीच्या दोन्ही भागांत खाणींची क्षमता मागणीपेक्षा जास्त होती. पूर्वेच्या खाणी एकत्र करून मिटेलडॉयचे काली ही कंपनी बनवली गेली आणि तिचा एकमेव भागधारक ट्रॉयहांड होता. पश्चिमेत कासेल येथील काली उंड झाल्त्स ही कंपनी होती आणि तिच्यावर रसायन क्षेत्रातील बीएएसएफचे नियंत्रण होते. पश्चिमेची कंपनीही तोट्यात होती, ही बाब पुढच्या वादांत अनेकदा नजरेआड केली गेली.

पूर्वेतल्या अनेक खाणी १९९० ते १९९२ या काळात बंद झाल्या आणि हजारो माणसे घरी बसली. त्या बंदींना फारसा विरोध झाला नाही. लोक अजून आशेवर होते, आणि काही खाणी खरोखरच संपत आल्या होत्या. बिशोफरोडे या पहिल्या फेरीतून वाचली. साठा अनेक दशके पुरेल असे कामगार सांगत होते, गिऱ्हाईक टिकून होते, आणि आपली खाण नव्या व्यवस्थेतही उभी राहील असा त्यांचा पक्का समज झाला होता.

१९९२ च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची योजना जाहीर झाली आणि मे १९९३ मध्ये करारावर सह्या झाल्या. संयुक्त कंपनीत पश्चिमेच्या भागीदाराचा वाटा ५१ टक्के आणि ट्रॉयहांडचा ४९ टक्के होता. व्यवस्थापन पश्चिमेकडे गेले. ट्रॉयहांडने एक अब्ज मार्कांहून अधिक रोख रक्कम नव्या कंपनीत घातली आणि पुढील काही वर्षांच्या संभाव्य तोट्याचा फार मोठा हिस्सा उचलण्याचे मान्य केले. एल्बे नदीजवळची त्सीलिट्स आणि वेरा खोऱ्यातील उंटरब्राइत्सबाख या पूर्वेकडील खाणी चालू राहणार होत्या. बिशोफरोडे बंद होणार होती.

प्रश्न असा होता : जी खाण आपले गिऱ्हाईक राखून आहे आणि जिच्यासाठी खरेदीदार पुढे येऊ शकतो, ती एका मोठ्या उद्योगाच्या पुनर्रचनेसाठी बंद करावी का, आणि तसा निर्णय करण्याचा अधिकार ज्या संस्थेला आहे तिने तो कोणापुढे आणि कसा सिद्ध करावा?

समोर असलेले पर्याय

पहिला मार्ग होता पूर्वेची संपूर्ण कंपनी स्वतंत्र खरेदीदाराला विकण्याचा. ट्रॉयहांडने एका आंतरराष्ट्रीय गुंतवणूक बँकेमार्फत जगभर चाचपणी केली. संपूर्ण कंपनी घेण्यास योग्य खरेदीदार मिळाला नाही, आणि पडत्या भावाच्या त्या वर्षांत ते अनपेक्षित नव्हते.

दुसरा मार्ग प्रत्यक्षात निवडला गेलेला विलीनीकरणाचा. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. एकच जर्मन कंपनी असेल, तर कुठली खाण ठेवायची आणि कुठली सोडायची हे खर्चाच्या आधारे ठरवता येईल, दोन कंपन्या एकमेकींना संपवण्यासाठी सरकारी पैसा जाळणार नाहीत, आणि उरलेल्या खाणींना कॅनडा व रशियासमोर टिकण्याची संधी मिळेल. पश्चिमेतही, विशेषतः लोअर सॅक्सनीत, खाणी बंद झाल्या. पूर्वेकडच्या मांडणीत हे विलीनीकरण म्हणजे निव्वळ पश्चिमेचे षड्यंत्र असे चित्र रंगवले जाते, ते मला पुराव्याला धरून वाटत नाही. पण योजना समर्थनीय असणे वेगळे आणि ती ज्या रीतीने ठरवली गेली ती रीत समर्थनीय असणे वेगळे.

तिसरा मार्ग बिशोफरोडे स्वतंत्रपणे विकण्याचा होता, आणि या प्रकरणाचे मर्म येथे आहे. वेस्टफालियातील एका मध्यम उद्योजकाने खाण घेऊन चालवण्याची तयारी दाखवली. त्यासाठी त्याला सुरुवातीच्या काळात सरकारी साहाय्य हवे होते. ट्रॉयहांडने त्याची योजना आर्थिकदृष्ट्या टिकणारी नाही असे म्हणून नाकारली. हा निष्कर्ष चुकीचा होता असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु तो काढणारी संस्था खाणीची मालक होती, नव्या कंपनीत ४९ टक्क्यांची भागीदारही होती, आणि ज्या करारावर तिने सही केली होती त्यात ही खाण बंद होणे गृहीत धरलेले होते. बिशोफरोडे स्वतंत्र राहिली असती, तर ती याच नव्या कंपनीची स्पर्धक झाली असती, तेही त्या कंपनीला हव्या असलेल्या गिऱ्हाइकांसाठी. स्पर्धक उभा राहू नये म्हणूनच खाण मारली जात आहे, हा कामगारांचा आरोप याच रचनेतून निघाला. ज्या मूल्यमापनकर्त्याचा निकालात स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे, त्याचा निकाल बरोबर असला तरी तो पटत नाही.

चौथा मार्ग होता मुदतबंद चाचणीचा : खाण दोन-तीन वर्षे सरकारी मालकीत ठेवून, ठराविक रकमेच्या मर्यादेत चालवून, मग निर्णय करायचा. विलीनीकरणाला सरकार जी रक्कम पुरवत होते तिच्या तुलनेत सातशे माणसांच्या खाणीची अशी चाचणी आटोक्यातली ठरली असती असे मला वाटते. तिचा गंभीरपणे विचार न होण्याचे एक कारण ट्रॉयहांडची १९९४ ची मुदत हे असावे.

पाचवा मार्ग म्हणजे खाण बंद करून त्या प्रदेशाला दुसरे उद्योग देणे. अखेरीस राजकारण याच ठिकाणी येऊन थांबले.

घटनाक्रम आणि निर्णयाचे क्षण

एप्रिल १९९३ मध्ये कामगारांनी खाणीचा ताबा घेतला. काम थांबवले नाही. उत्पादन चालूच राहिले. ही निवड विचारपूर्वक केलेली होती, कारण खाण चालू शकते हेच त्यांना दाखवायचे होते. संप केला असता तर गिऱ्हाईक गेले असते आणि बंदीच्या बाजूचा युक्तिवाद आपोआप बळकट झाला असता.

पुढची अडचण त्यांच्या स्वतःच्या संघटनेतून आली. खाण आणि ऊर्जा क्षेत्रातील मोठी कामगार संघटना विलीनीकरणाच्या बाजूने उभी राहिली. तिचे सदस्य पश्चिमेच्या खाणींतही होते, जर्मन पद्धतीनुसार तिचे प्रतिनिधी कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर बसत होते, आणि तिच्या हिशेबाने विलीनीकरण मोडले तर दोन्ही बाजूंच्या आणखी खाणी जाणार होत्या. संघटनेच्या दृष्टीने ती कमी नुकसानीची निवड होती. बिशोफरोडेच्या कामगार परिषदेच्या दृष्टीने तो विश्वासघात होता. खाणीतील निवडून आलेले प्रतिनिधी आणि मुख्य संघटना यांच्यातली ही फूट मला या प्रकरणातला सर्वांत महाग पडलेला क्षण वाटतो, कारण त्यानंतर कामगारांकडे वाटाघाटीचे कोणतेही नेहमीचे साधन उरले नाही. त्यांना बाहेरून मदत घ्यावी लागली. दुकाने, बँका आणि विमा क्षेत्रातील संघटनेचे थुरिंगियातील प्रमुख बोडो रामेलो हे त्यांच्या बाजूने मध्यस्थीसाठी पुढे आले.

१ जुलै १९९३ रोजी काही कामगारांनी खाणीच्या आवारात उपोषण सुरू केले. त्याच सुमारास संघीय संसदेच्या संबंधित समितीने विलीनीकरणाला मान्यता दिली. कराराचा मजकूर तेव्हाही लोकांपुढे आलेला नव्हता. सुरुवातीला बारा-पंधरा असलेले उपोषणकर्ते पुढे चाळीसच्या घरात गेले; प्रकृती ढासळलेल्यांची जागा दुसरे घेत राहिले आणि उपोषण सप्टेंबरपर्यंत, सुमारे ऐंशी दिवस चालले. स्त्रिया, शेजारच्या गावांतले लोक, बंद पडलेल्या इतर कारखान्यांतले कामगार खाणीच्या फाटकाशी जमू लागले. ‘बिशोफरोडे सगळीकडे आहे’ ही घोषणा पूर्व जर्मनीभर पोहोचली. तीन वर्षांत आपापल्या कारखान्यांची बंदी मुकाट्याने पाहिलेल्या लोकांना या घोषणेत स्वतःचे गाव ओळखू आले.

उपोषण ही पाश्चात्त्य कामगार चळवळीची नेहमीची पद्धत नव्हे, आणि या कामगारांनी ती निवडली यावरून त्यांच्यापुढे किती दारे बंद झाली होती हे दिसते. या मार्गाने दोन गोष्टी साधल्या. देशभरातील माध्यमे त्या लहानशा गावात आली, आणि थुरिंगियाचे मुख्यमंत्री बेर्नहार्ड फोगेल यांच्या सरकारला हा प्रश्न केवळ बर्लिनच्या ट्रॉयहांडवर सोडता आला नाही. जे साधले नाही तेही नोंदवले पाहिजे. उपोषणाने सहानुभूती मिळवली, पण करार तपासणारी स्वतंत्र यंत्रणा मिळवली नाही. मागणी ‘खाण वाचवा’ एवढीच राहिली. ‘करार दाखवा आणि त्रयस्थ तज्ज्ञाकडून दोन्ही योजना तपासून घ्या’ ही मागणी होती, पण ती घोषणांच्या खाली दबली.

सप्टेंबरमध्ये कामगारांनी बर्लिनकडे मोर्चा काढला. त्याच महिन्यात संघीय संसदेने ट्रॉयहांडच्या कारभाराची चौकशी करणारी समिती नेमली, परंतु तिचे काम बिशोफरोडेला उपयोगी पडेल इतक्या वेगाने होणे शक्य नव्हते. राज्य सरकारने दोन गोष्टी देऊ केल्या : कामगारांना १९९५ च्या अखेरपर्यंत रोजगाराची हमी, आणि त्या भागात सातशे पर्यायी नोकऱ्या निर्माण करण्याचे आश्वासन.

१४ डिसेंबर १९९३ रोजी, बाजारातील स्पर्धेच्या दृष्टीने मोठी विलीनीकरणे तपासणाऱ्या युरोपीय आयोगाने या विलीनीकरणाला सशर्त मंजुरी दिली. आयोगाचा मुख्य आधार असा होता की पूर्वेची कंपनी एरवीही बुडालीच असती, तिचा बाजारवाटा आपसूक पश्चिमेच्या कंपनीकडे गेला असता, आणि स्पर्धेला कमी बाधा आणेल असा दुसरा खरेदीदार उपलब्ध नव्हता. येथे ‘कंपनी’ म्हणजे संपूर्ण कंपनी असे धरले गेले. एका खाणीसाठी आलेला स्वतंत्र प्रस्ताव या चौकटीत नीट बसतच नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत कामगार परिषदेपुढे शेवटचा निर्णय आला. लढा चालू ठेवला तर नुकसानभरपाई आणि रोजगाराची हमी दोन्ही धोक्यात येणार होत्या. मान्य केले तर खाण जाणार होती. मोठी संघटना सोबत नव्हती, संसद आणि युरोपीय आयोग या दोन्ही पायऱ्या संपल्या होत्या, आणि घरोघरी थकवा होता. त्यांनी तडजोड स्वीकारली. बाहेरून आलेल्या काही समर्थकांनी या निर्णयाला शरणागती म्हटले, ते अन्यायकारक आहे. ज्यांना दुसऱ्या दिवशी त्या गावात राहायचे होते त्यांनी तो घेतला होता.

निष्पत्ती

खाण बंद झाली. सातशे पर्यायी नोकऱ्यांपैकी फारच थोड्या प्रत्यक्षात आल्या. खाणीच्या आवारात औद्योगिक वसाहत उभी करण्याचे प्रयत्न झाले, पण मुख्य रस्ते आणि मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या त्या जागेकडे मोठा उद्योग वळला नाही. ज्यांचे वय आणि कौशल्य साथ देत होते ते जुन्या सीमेपलीकडे लोअर सॅक्सनी आणि हेसेन येथे कामाला जाऊ लागले. वयस्कर कामगार प्रशिक्षण योजना, तात्पुरती सरकारी कामे आणि मुदतपूर्व निवृत्ती या वाटेने गेले. माजी खाणकामगारांनी संघटना करून तेथे संग्रहालय उभे केले. मिठाच्या कचऱ्याचा प्रचंड ढिगारा गावाशेजारी राहिला आणि त्यातून झिरपणाऱ्या खाऱ्या पाण्याची व्यवस्था ही सार्वजनिक खर्चाची बाब झाली.

विलीन झालेली कंपनी मात्र सावरली, पुढे नफ्यात आली, आणि नंतरच्या काळात पोटॅशचे भाव चढले तेव्हा ती जर्मनीतील महत्त्वाच्या उद्योगांत गणली गेली. त्सीलिट्स आणि वेरा खोऱ्यातील हजारो नोकऱ्या त्यामुळे टिकल्या. विलीनीकरणाच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही.

कायदेशीर बाजूला अनपेक्षित वळण मिळाले. फ्रान्सने आयोगाच्या मंजुरीविरुद्ध दाद मागितली, आणि ३१ मार्च १९९८ रोजी युरोपीय न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. बुडत्या कंपनीविषयीचा आयोगाचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. फ्रेंच पोटॅश कंपनीसह बाजारावर होणाऱ्या संयुक्त वर्चस्वाविषयीचे विश्लेषण मात्र अपुरे ठरवले. त्याच वर्षी आयोगाने बदललेल्या परिस्थितीत पुन्हा परवानगी दिली. बिशोफरोडेत तोपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ उत्पादन बंद होते, त्यामुळे निकालाचा तेथील कोणालाही उपयोग झाला नाही.

कराराचा मजकूर सर्वसामान्यांपुढे आला तो २०१४ साली, सहीनंतर वीसहून अधिक वर्षांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोडो रामेलो थुरिंगियाचे मुख्यमंत्री झाले. २०१९ मध्ये, एकीकरणाला तीस वर्षे होत आली असताना, डावा पक्ष आणि अतिउजवा पक्ष या दोघांनीही संघीय संसदेत ट्रॉयहांडच्या नव्या चौकशीची मागणी केली. परस्परविरोधी टोकांचे पक्ष एकाच जखमेचा आधार घेतात, यावरून ती किती खोल होती हे समजते. पूर्व जर्मनीतील आजच्या राजकीय नाराजीचे कारण म्हणून केवळ बिशोफरोडेकडे बोट दाखवणे चूक ठरेल. ती नाराजी अनेक प्रवाहांनी बनली आहे. पण लोकशाहीत आपले म्हणणे मोजले जात नाही, हा अनुभव या खाणीतील माणसांनी लोकशाही येऊन जेमतेम तीन-साडेतीन वर्षे झाली होती तेव्हाच घेतला होता.

वेगळे काय करता आले असते

करार उघड करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट होती. व्यापारी गोपनीयतेचे कारण दिले गेले. एका खाजगी व्यवहारात ते योग्य ठरले असते; येथे एका बाजूला जनतेची मालमत्ता होती आणि एक अब्जाहून अधिक मार्क जनतेचा पैसा होता. निदान खाण बंद करण्यासंबंधीची कलमे, तोटा कोण किती उचलणार यासंबंधीची कलमे आणि स्पर्धेसंबंधीची बंधने तरी संसदेच्या मान्यतेपूर्वी जाहीर करता आली असती. ती केली असती तर कदाचित विरोध अधिक तीव्र झाला असता. पण तो विरोध माहितीवर उभा राहिला असता, संशयावर नव्हे.

उद्योजकाच्या प्रस्तावाचे मूल्यमापन ट्रॉयहांडने स्वतःकडे ठेवायला नको होते. संस्थेकडे यासाठी पर्यायी यंत्रणा नव्हती असे नाही : इतर उपक्रमांच्या व्यवहार्यतेचे मूल्यमापन बाहेरील तज्ज्ञांकडून करून घेण्याची पद्धत तिने स्वतःच वापरली होती. ज्या प्रकरणात ती भागीदार होती त्याच प्रकरणात त्रयस्थ निकालाची सर्वाधिक गरज होती. विलीनीकरणाची योजना आणि स्वतंत्र खाणीची योजना एकाच भावाच्या गृहीतकावर, एकाच सरकारी साहाय्याच्या मर्यादेत शेजारी शेजारी मांडली गेली असती आणि तिचा निष्कर्ष कामगार परिषदेला लेखी मिळाला असता, तर खाण बंद होऊनही लोकांच्या हाती एक उत्तर राहिले असते.

युरोपीय आयोगाची तपासणी क्रमाने शेवटी आली हा दोष रचनेचा आहे. संसदेची समिती, राज्य सरकार आणि कामगार यांनी आपले निर्णय केल्यावर स्पर्धेच्या प्रश्नाचा विचार झाला, आणि न्यायालयाने तो अपुरा ठरवला तेव्हा जमिनीखाली काही उरले नव्हते. मंजुरी येईपर्यंत खाणीचे काहीही अपरिवर्तनीय करायचे नाही, अशी अट संसदेला आपल्या मान्यतेत घालता आली असती. न्यायालयीन निकाल लागेपर्यंत, म्हणजे आणखी चार-पाच वर्षे, खाण राखून ठेवणे खर्चिक झाले असते, हे मान्य आहे. परंतु उत्पादन थांबवून खाण पुन्हा सुरू करता येईल अशा स्थितीत ठेवण्याचा मधला मार्ग असतो, आणि त्याचा खर्च किती येईल एवढे तरी मोजून पाहायला हवे होते.

मोठ्या कामगार संघटनेपुढची अडचण खरी होती, कारण एकाच संघटनेत वाचणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही खाणींचे सदस्य होते. अशा वेळी संघटनेने बंद होणाऱ्या खाणीच्या सदस्यांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला आणि निधी देऊन, स्वतः वाटाघाटीतून त्यांच्या वतीने बोलणे थांबवायला हवे होते. त्यांच्या नावाने विलीनीकरणाला संमती देण्यापेक्षा हे प्रामाणिक ठरले असते.

उरतो सातशे नोकऱ्यांच्या आश्वासनाचा प्रश्न. ते देताना राज्य सरकारला खोटे बोलायचे होते असे मानायला आधार नाही, पण त्या आश्वासनाला ना ठराविक वर्ष होते, ना नोकरीची व्याख्या, ना ते न पाळले गेल्यास द्यायची रक्कम. विलीनीकरणाच्या करारात नव्या कंपनीच्या तोट्याची टक्केवारी वर्षावर्षाने लिहिलेली होती. त्याच काटेकोरपणाने गावाच्या बाजूचा हिशेबही लिहिता आला असता : दर वर्षाअखेर जितक्या नोकऱ्या कमी भरतील, तितक्यांसाठी ठरलेली रक्कम गावाच्या विकासनिधीत जमा व्हावी, आणि ती देण्याची जबाबदारी राज्य, संघीय सरकार आणि नवी कंपनी यांच्यात वाटलेली असावी. डिसेंबर १९९३ मध्ये, उपोषणाची आठवण ताजी असताना आणि सर्व पक्षांना तडजोड हवी असताना, असे कलम मागण्याइतके वजन कामगार परिषदेकडे होते. काही महिन्यांनी ते उरले नाही.